देवदाराच्या फळ्या आणि पाचवा महिना

ज्ञानोबा पांचाळाला किळस लवकर यायची. प्लायवूड दिसलं की तो तोंड फिरवायचा. सनमायकाच्या दाराला चुकून हात लागला तर तो पँटला पुसायचा. चाकुरात त्याच्याकडे सुतारकाम घेऊन जाणाऱ्यानं आधी चार शब्द ऐकून घ्यायचे, मग खुर्ची मिळायची. त्याचं तोंड बंद असायचं ते एकाच घरात, लातूरला लेकीच्या सासरी. तिथं तो चहासुद्धा आवाज न करता प्यायचा. मुलीचा बाप होता ना.

लेकीला, तनुजाला, पाचवा महिना लागला होता आणि तिला आपल्या खोलीत बसवत नव्हतं. त्या खोलीत भिंतीतलं एक कपाट होतं आणि कपाटात सासूचा, कस्तुराबाईंचा, आहेर होता. आहेर म्हणजे लग्नाबारशांत आलेल्या साड्या. कुणी न नेसलेल्या, कुणी नेसू नयेत अशाच. या घरातून त्या घरात जायच्या आणि दोन-चार वर्षांनी तिसऱ्याच घरातून, त्याच पिशवीत परत यायच्या. असल्या मालाला कसर लागू नये म्हणून बाई मुठी भरभरून डांबरगोळ्या टाकायच्या. त्या वासानं तनुजाला दिवसभर उलट्या व्हायच्या. तिनं बापाला फोन करून सांगितलं होतं, मला घेऊन जा.

पण सातव्या महिन्यात ओटी भरल्याशिवाय लेक माहेरी आणायची नाही, ही रीत. ज्ञानोबाच्या बायकोनं, नागुबाईनं, तेच बजावलं. ज्ञानोबाला रीत मोडण्यापेक्षा लाकूड जोडणं सोपं वाटलं. देवदाराच्या पातळ फळ्यांचं अस्तर आतून लावून देतो, त्या वासाला कसर फिरकत नाही, मग गोळ्या फेकून द्या, असं त्यानं विहीणबाईंना गोड आवाजात सुचवलं. फुकटचं काम म्हणून त्यांनीही मान हलवली.

त्यानं कपाट उघडलं. गोळ्यांचा जळजळीत वास, झुरळांच्या लेंड्या, भिंतीचे ओले पापुद्रे आणि उंदरानं कुरतडलेली टोपी-टॉवेलची जोडी. माणसं हे सगळं घडी घालून ठेवतात आणि पुढे कुणाच्या तरी हातावर ठेवतात, या विचारानंच त्याला शिसारी आली. नाकाला रुमाल बांधून त्यानं सगळं खरवडून काढलं.

मग मात्र त्याचा जीव रमला. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला जीभ. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवायची आणि उन्हाळा-पावसाळ्यात लाकूड हलतं म्हणून केसभर सैल ठेवायची. सांध्यात सरस नाही, वरून रंग नाही. पॉलिश मारलं की वास आत कोंडतो, हे त्यानं जावयाला, सत्यमला, पुन्हा पुन्हा सांगितलं. तनुजा उंबऱ्यात बसून ढलप्या हुंगत राहिली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पंधरवड्यानं तो शेंगदाण्याची चटणी घेऊन गेला, तर जिन्यातच थिनरचा भपका आला. फळ्या लालभडक चकाकत होत्या. उघडं लाकूड टोमॅटोच्या खोक्यासारखं दिसतं, पाहुणे नावं ठेवतील, म्हणून कस्तुराबाईंनी पॉलिशवाला बोलावला होता. लाकडाचा वास गेला, म्हणून डांबरगोळ्या परत आल्या होत्या, पहिल्यापेक्षा जास्त. तनुजा गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटई टाकून पडली होती.

आता ज्ञानोबाचा बांध फुटला. पटाशी घालून तो फळ्या उचकटायला लागला आणि इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. लाकडाचा जीव घेणारी माणसं, चकाकलं की चांगलं म्हणणारी माणसं, नाक असून वास न येणारी माणसं. त्यानं कुणालाही सोडलं नाही. सत्यम म्हणाला, वास चार दिवसांत जाईल. त्यावर त्याला रंधा कसा मारतात इथपासून ऐकावं लागलं.

आवाज ऐकून तनुजा खाली आली. दाराला धरून उभी राहिली.

“आण्णा, तुमी फळ्याचंच बोलायलाव,” ती म्हणाली.

ज्ञानोबाला कळेना. तो हातातली फळी तिला दाखवायला लागला.

“ऱ्हाऊ द्या त्या तितंच. म्या म्हणलं हुतं, मला घिऊन चला. तुमी करवत घिऊन आलाव.”

त्याचा हात थांबला. तिच्या गालांची हाडं वर आलेली त्याला आत्ता दिसली. मघाशी जिन्यातून आल्या आल्या तो लेकीकडे न जाता कपाटाकडे गेला होता. आयुष्यभर त्याला हजार गोष्टींची किळस आली होती, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची आली, आणि ती थुंकूनही टाकता येईना.

त्यानं पटाशी खाली ठेवली आणि पोरीला नेतो म्हणाला. कस्तुराबाईंनी पदर सावरला. “पाव्हणं, ओटी न भरता लेक न्यायची रीत न्हाई आपल्यात. लोक काय म्हणतील?”

“ईनबाई, म्हणू द्या,” तो म्हणाला. “म्या लई दिस त्यास्नीच भ्यालो.”

हत्यारं तशीच टाकून तो खाली आला. तनुजा कधीच घरासमोर थांबवलेल्या रिक्षात जाऊन बसली होती. बाप खरंच येतोय की परत फळ्यांकडे वळतोय, याची खात्री नसल्यासारखी ती दाराकडे बघत होती.