डाव्या हाताखालचं पान

माझे वडील उत्तरेतल्या हिंदी मुलखात, रामघाटावर राहणारे मराठी वैदिक. मी मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत तेलपाणी करणारा. दोघांनाही एकमेकांचं काम काय आहे ते नीट ठाऊक नव्हतं, पण अभिमान दोघांना भरपूर होता. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत समुद्र ओलांडला म्हणून कुणी कुणाला वाळीत टाकत नसे. फक्त आमच्या घरात मी सुटीवर आलो की माझं पान दालानात मांडलं जाई आणि वडिलांचं आत, माजघरात. वडील एकदाच म्हणाले, "प्रायश्चित्त घे आणि आत ये." मी म्हणालो, "चोरी केली असती तर घेतलं असतं." त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. आई मात्र वरणाचं भांडं घेऊन उंबरठा ओलांडत राहिली, आत-बाहेर, आत-बाहेर. तिचा मला अजून कळवळा येतो, आणि आम्हा दोघांचा राग.

वडिलांनी मला समुद्राबद्दल कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बिस्केच्या उपसागराचं सांगितलं असतं. तिथे हिवाळ्यात जहाज असं काही कलायचं की चालताना एक पाय जमिनीवर आणि दुसरा भिंतीवर पडायचा. खाली इंजिनखोलीत भट्टीसारखी धग, तेलाचा वास आणि पोटातलं सगळं घशाशी. जेवणाच्या टेबलाला कडेनं लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असत, तरी ताटं पळत. आमच्यात रत्नागिरीकडचा एक म्हातारा तांडेल, खलाशांचा मुकादम, होता. पहिल्याच वादळात माझा भात जमिनीवर सांडलेला बघून तो म्हणाला, "पोरा, डावा हात ताटावरून काढायचा नाही. सोडलंस की मग शेजाऱ्याच्या मांडीवर शोध."

मला हसू आलं होतं. आमच्या घरची रीत अशी की जेवणाच्या आरंभी प्राणाहुतीचे घास घेताना डाव्या हातानं पान धरायचं आणि ते घास झाले की हात बाजूला घ्यायचा. म्हणजे अर्धी विद्या मुंजीतच झाली होती. उरलेली तांडेलानं शिकवली.

बंदराला लागलो की सुटी मिळे. इतर लोक थेट दारूच्या दुकानात जात. मीही जाई, उगाच सोवळ्याचा आव कशाला आणू? पण आधी मी पाण्याच्या कडेनं भटकून घेई. इतकी बंदरं पाहिली, पण पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आमच्या शेजारच्या पंचगंगा घाटासारख्या, मला कुठे सापडल्या नाहीत. जमिनीवर पाय ठेवला तरी ती हलतच असायची. एकदा लिव्हरपूलला वडिलांसाठी लोकरीची घोंगडी घेतली. लोकरीला विटाळ नसतो, हा हिशेब मी दुकानात उभ्या उभ्या केला होता. वडिलांनी ती हातानं चाचपली, "जाड आहे" म्हणाले आणि आईकडे दिली. पुढे हिवाळाभर आईच ती पांघरायची.

समुद्र सोडून मी कायमचा घरी आलो आणि नदीपलीकडे रामनगरला पंपदुरुस्तीचं दुकान थाटलं. पान मात्र दालानातच राहिलं. मग धाकट्या भावाच्या मुलाची मुंज ठरली आणि आईनं वडिलांना सांगून टाकलं, "हे अलग अलग वाढायचं झंझट आता माझ्याच्यानं होत नाही. कंबर गेली माझी. मुंजीच्या दिवशी दोघांची पानं एका ओळीत दिसली तर वाढीन, नाहीतर स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाही."

 मी काही प्रायश्चित्ताला हो म्हटलं नाही. मुंज लागली, पानं मांडली गेली, रामघाटावरची सगळी वडीलधारी मंडळी बसली, तरी मी दालानात खांबाला टेकून उभा. आई खरोखरच बाहेर आली नव्हती. मला वाटलं, आता हिच्या हट्टापायी सगळ्यांचं जेवण अडणार. तेवढ्यात वडिलांनी शेजारच्या पाटावर हात ठेवला आणि म्हणाले, "इथं बस."

समोरच्या शास्त्रीबुवांनी विचारलं, "यांचं प्रायश्चित्त झालं वाटतं?" मी बसलो तसं वडिलांनी माझ्यापुढचं पान सरळ केलं.

आई वरणाचं भांडं घेऊन आली. प्राणाहुती झाली. ओळीतले सगळे डावे हात मागे गेले. माझा गेला नाही. पळसाच्या पानाची कड मी मुठीत गच्च धरली होती आणि ते माझ्या ध्यानातही नव्हतं.

"अहो, छोडा आता ते पान," शास्त्रीबुवा म्हणाले. "कुठं भागून थोडंच जातंय?"

दोघे-तिघे हसले. मी हात काढला, वाटी घेतली, भात कालवला. बघतो तर हात पुन्हा पानावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांनी वडिलांनी शेजारी बसवलं आणि मी त्यांचं हसं करत होतो.

वडील माझ्या हाताकडे बघत होते. हलक्या आवाजात म्हणाले, "तिथं असंच जेवायचास?"

"वादळ असलं की. नाहीतर ताट जातं."

त्यांनी एक घास घेतला. मग विचारलं, "पोट भरायचं का रे?"

समुद्राबद्दल त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. "भरायचं," मी म्हणालो. डोळे भरून आले होते, म्हणून खाली बघून जेवू लागलो.

वडिलांनी डावा हात उचलला आणि आपल्या पानाच्या कडेवर ठेवला. ओळीत त्यांच्याहून मोठं कुणी नव्हतं. शास्त्रीबुवांनी वरणभातात लक्ष घातलं. आई तूप वाढायला आली, आमचे दोन हात बघून थांबली आणि मला दोनदा तूप वाढून पुढे गेली. ताकभात संपेपर्यंत वडिलांनी पान सोडलं नाही.