पीटी सरांचं नाक

उभ्या नागपुरात नाकाच्या जोरावर नोकरी करणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो आमच्या मनपा शाळेत पीटी शिकवत होता. सरकारी कागदांत त्याचं काम कवायत घेण्याचं; खरी ड्युटी मात्र सकाळच्या फाटकावर. गळ्यात शिट्टी, हात पाठीमागे आणि नाक सगळ्यांच्या पुढे. पोरगं समोर आलं की सर कमरेत वाकत, दीर्घ श्वास घेत आणि निकाल देत. "खर्रा. कालचा. तंबाखू जास्त." "तू आंघोळ नाही केली." "तुह्या डब्यात सांबारवडी हाय, मधल्या सुट्टीत मले भेट." मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो. एकदा माझा शर्ट हुंगून ते म्हणाले, "वहिनी माहेरी गेली वाटते." गेली होती!

नाक वडिलोपार्जित. वडिलांची काटोलला संत्र्याची बाग. म्हातारा डोळे बांधून संत्रं हुंगायचा आणि बहार हिवाळी फुलोऱ्याचा अंबिया की पावसाळी फुलोऱ्याचा मृग ते सांगायचा. सरांचं म्हणणं, आपण एक पायरी वर. "बाबाले बहार समजे, मले झाड समजते!" हे सांगताना ते नाकाला असा हळुवार हात लावत, जणू ते कुणाकडून तरी मागून आणलंय आणि संध्याकाळी परत करायचंय.

पुढे पोरांच्या खिशात खर्र्याच्या जागी गांजाची पुडी येऊ लागली. आणि तिच्याबरोबर मोबाइलवरचं ज्ञान. "सर, फॉरेनमध्ये तर कायद्यानं चालते," असं एका नववीतल्या विद्वानानं ऐकवलं. सर भडकले नाहीत. "चालते ना. मोठ्या मानसाले चालते. शाळेत तिथंबी नाही चालत. आन् तिथं तर बर्फबी पडते. एप्रिलमंदी स्वेटर घालून येत जाय मग!" पुडी सापडली की सर ती बेसिनमध्ये रिकामी करत आणि पोराला महिनाभर संध्याकाळी खो-खोला जुंपत. तक्रार वर जात नसे. "दाखला हातात देला का पोरगं गेलं," ते म्हणत. "मंग त्याले हुंगाले कोन हाय?"

नव्या मुख्याध्यापिका मॅडमना हा हुंगण्याचा कारभार पसंत नव्हता. त्यातच ती सकाळ उजाडली. पारशिवनीहून आजोळ करून आलेल्या सातवीतल्या पोरीच्या दप्तरात हिरवा सुका पाला निघाला. सरांनी पुडी नाकाला लावली, डोळे मिटले, सगळं फाटक श्वास रोखून उभं राहिलं, आणि सर गरजले, "गांजा!" पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. मॅडमनी चिमूटभर पाला तळहातावर चोळला. "सर, ही मेथी आहे. वाळवलेली." शाळा हसली. खरं सांगतो, सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. सोमवारपासून फाटकावर सरांऐवजी कॅमेरा, आणि पुडी सापडेल त्याच्या हातात दाखला, असं त्यांनी जाहीर केलं.

संध्याकाळी मी सरांना सीताबर्डीत चहाला नेलं. कप त्यांनी नाकाशी धरला आणि न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, "वास येत नाही गा मले. कोरोनाच्या तापात गेला, तो आलाच नाही."

"मग खर्रा कसा ओळखता?"

"दात पाहून."

"आंघोळ?"

"कानामागं पाहून."

"आणि माझी बायको माहेरी गेली ते?"

"शर्टाले इस्त्री होती काय?"

मी नकळत कॉलर सारखी केली. "गांजा डोळ्यात दिसते," ते म्हणाले. "पर डोळे पाहाले जवळ जा लागते. नुसता जवळ गेलो तं पोरं पळते. हुंगाले गेलो तं उभी राहाते."

शनिवार हा सरांचा फाटकावरचा शेवटचा दिवस ठरला होता. ते एका बाजूला नुसतेच उभे होते, कमरेत न वाकता. दहावीतला खो-खोचा कप्तान समोर येऊन थांबला.

"सर, हुंगत काहून नाही?"

"जाय बाबू. सोमवारपासून कॅमेरा हाय."

पोरानं मोज्यातून पुडी काढली आणि सरांच्या तळहातावर ठेवली. "तुमाले वास येत नाही, मले मालूम हाय. मेथीच्या दिवशीच समजलं. म्हणून सोताहून देऊन राहिलो."

"काय आहे ते?" पायऱ्यांवरून मॅडमचा आवाज आला. दहावीची परीक्षा महिन्यावर होती. सरांनी पुडी उघडली, नाकाला लावली, डोळे मिटले आणि आयुष्यातला सगळ्यात लांब श्वास घेतला.

"मेथी, मॅडम."

मॅडम खाली आल्या, पुडीपासून दोन हातांवर थांबल्या. त्यांच्या नाकाला काहीही झालेलं नव्हतं. त्यांनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा सरांकडे. "तुमचं नाक सुधारलं म्हणायचं," एवढं बोलून त्या आत गेल्या. सोमवारी कॅमेरा लागला. पण त्याच्या खाली सर होतेच.

कप्तान दहावी पास झाला. सर यंदा निवृत्त होऊन काटोलला बागेत राहायला गेले. परवा गेलो होतो. त्यांनी झाडाचं संत्रं तोडलं, सोललं, सवयीनं आपल्या नाकाला लावलं आणि मग माझ्यापुढे धरलं. "वास कसा हाय गा?"

मी रंगांचा माणूस, वास काय सांगणार? तरी सुचेल ते सांगत राहिलो. सर डोळे मिटून ऐकत होते. माझं संपलं तसे म्हणाले, "अंबिया हाय."

बरोबर होतं की नाही, देव जाणे. मी मान हलवली.