नैवेद्य बसमध्येच संपला

त्या गुरुवारी बस यायला इतका उशीर झाला की मी स्टॉपवर उभ्या उभ्या थेट दत्तमहाराजांशीच भांडण काढलं. म्हटलं, येतोय तर तुमच्याच दारी, मग एवढी एक बस धाडायला तुमचं काय जातं? माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. देवाशी बोलायची माझी भाषा अशीच आहे, आणि त्यांना ती चालत आली आहे असं मी समजतो. जन्मभर इथे हिंदी मुलखातल्या मोठ्या कारखान्यात क्रेन चालवली, बरखेड्याला कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये संसार केला, रिटायर झाल्यावर आनंद नगरला दोन खोल्या बांधल्या. कुणापुढे हात पसरला नाही, की कुणाच्या गाडीवर मागे बसलो नाही. याचा मला अभिमान होता. होता म्हणतो, ते का ते पुढे कळेल.

आमच्या घरचा रिवाज असा, की गुरुवारी घेवड्याची भाजी, वरणभात आणि शिरा करायचा, हबीबगंजच्या पलीकडच्या दत्ताच्या देवळात नेऊन दाखवायचा, आणि तो प्रसाद घरी आला की मगच आमच्या हिने तोंडात घास घालायचा. पूर्वी आम्ही दोघं जायचो. आता हिचे गुडघे गेले, म्हणून ती रांधते आणि मी नेतो. मुलगा पुण्याला असतो, तो फोनवर म्हणतो, "बाबा, घरातल्या फोटोला दाखवा ना नैवेद्य. देव काय वेगळा आहे?" त्यावर ही म्हणते, "देव तोच आहे रे, पण त्यांना सवय तिथे जेवायची आहे." त्यात हिला साखरेचा आजार. डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळची गोळी घेतली की लगेच खायचं. तर ही गोळी घ्यायची डॉक्टरांसाठी आणि उपाशी राहायची दत्तासाठी. दोघांचाही मान ठेवला असं तिला वाटायचं. मलाही त्यात काही चूक दिसली नाही. एरवी मी वेळेत परतायचो आणि निभावून जायचं.

बस आली ती खचाखच भरून. कामावर निघालेली माणसं दारात लोंबकळत होती. एक जण फोनवर साहेबाची माफी मागत होता आणि फोन ठेवल्यावर त्याच साहेबाला शिव्या घालत होता. कंडक्टर आमचा नेहमीचाच, पोट सुटलेला, चाळिशीचा, तोंडाचा फटकळ. दर गुरुवारी आमची जुंपायची. नैवेद्याचा डबा खाली ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, म्हणून मी तो छातीशी धरून दुसऱ्या हाताने खांब पकडून उभा राहायचो. तो म्हणायचा, "काका, बैठ जाओ, बुज़ुर्गों की सीट खाली करवाता हूँ." मी म्हणायचो, "तो किसी बुज़ुर्ग को बिठाओ." तो सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडायचा, "देखना भाई, किसी दिन काका खंभा उखाड़ के घर ले जाएँगे!" लोक हसायचे. मनातून मलाही हसू यायचं, पण दाखवायचो नाही.

त्या दिवशी मात्र तो नुसती तिकिटं फाडत पुढे सरकला. बदली माणूस आला नव्हता, म्हणून पहाटेपासून फेरीवर फेरी करत होता, हे मागून कळलं. पुढे रस्ता खोदलेला, गाड्यांची रांग लागलेली, आणि तिथेच आमची बस दोन आचके देऊन बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला. लोक कंडक्टरवर तुटून पडले. कुणी पैसे परत मागतोय, कुणी त्याच्या खानदानाची चौकशी करतोय. तो उत्तर द्यायला वळला आणि माझ्याच पायाशी खाली बसला. मला वाटलं, नाटक करतोय. मग त्याच्या कपाळावर घाम दिसला. हात धरून पाहिला तर गार, आणि थरथरत होता. काहीतरी पुटपुटला, शब्द जड पडत होते. हे मी पाहिलेलं होतं. हिची साखर एकदा उतरली होती तेव्हा ती अशीच झाली होती. मी विचारलं, "शुगर है क्या? गोली ली?" त्याने मान डोलावली. "खाया कुछ?" नाही म्हणाला.

गोड काही आहे का, म्हणून मी ओरडलो. अख्ख्या बसमध्ये पाण्याच्या बाटल्या निघाल्या, तंबाखूच्या पुड्या निघाल्या, गोड कुणाकडे नाही. आणि माझ्या छातीशी तुपातला शिरा.

खोटं कशाला लिहू, माझा हात लगेच झाकणाकडे गेला नाही. देवाला दाखवल्याशिवाय त्या डब्यातलं शीतही कधी कुणाच्या तोंडी गेलं नव्हतं. हिने पहाटे उठून, आंघोळ करून, दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून केलेलं ते अन्न. मी मनात म्हटलं, महाराज, आता काय करू? आतून काही आवाज वगैरे आला नाही. फक्त त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी डबा बसच्या फरशीवर ठेवला, खाली बसलो आणि शिऱ्याचा पहिला घास त्याला माझ्या हाताने भरवला. मग दुसरा. हळूहळू त्याची नजर जाग्यावर आली. शिरा संपला, वरणभात संपला, घेवड्याची भाजीही त्याने बोट फिरवून संपवली आणि मला म्हणाला, "काका, और है क्या?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता घर आठवलं. याने गोळी घेतली आणि खाल्लं नाही, म्हणून हा पडला. घरी हिनेही गोळी घेतली आहे. तीही उपाशी आहे, आणि आज केवढा उशीर झाला आहे. इतकी वर्षं जे समोर असून दिसलं नव्हतं ते त्या क्षणी लख्ख दिसलं. फोन मी कधी बरोबर ठेवत नाही, आणि घरचा नंबर मला पाठ नाही. कंडक्टरला हिचं सांगितलं तसा तो खिडकीला धरून उठला आणि पलीकडून उलट दिशेने जाणाऱ्या एका स्कूटीवाल्या बाईला त्याने हाक मारली, "मैडम! काका को आनंद नगर छोड़ दो, काकी की तबीयत खराब है!" गळ्यात ओळखपत्र अडकवलेली ती बाई रात्रपाळी करून परतत असावी, डोळे तारवटलेले होते. एक शब्द न विचारता म्हणाली, "बैठिए बाबा, कसके पकड़िए." आणि मी बसलो. दारापाशी उतरून वळलो तोवर ती निघूनही गेली होती. धन्यवाद म्हणायचे राहिले ते राहिलेच.

ही दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. कपाळ घामेजलेलं, डोळे मिटत होते. मी साखरेचं पाणी केलं, तर तिने तोंड फिरवलं. "अहो, आधी प्रसाद." हट्टात ती माझ्या वरताण आहे. मी रिकामा डबा उघडला. कोपऱ्यात थोडा शिरा चिकटलेला होता. तो बोटाने काढून तिच्या तोंडात घातला आणि म्हटलं, "हा घे प्रसाद. दत्त जेवले." मग ती पाणी प्यायली. मग दूधभात खाल्ला.

ती सावरल्यावर मी तिला सगळं खरं सांगितलं. देवळाची पायरीसुद्धा दिसली नाही, डबा बसच्या फरशीवर ठेवला, हेही सांगितलं. वाटलं, आता रडेल. तिने डबा ओढून आत पाहिलं. मग म्हणाली, "पोटभर जेवले का?"

"भाजीसुद्धा चाटूनपुसून खाल्ली."

"आज भाजीत मीठ कमी पडलं होतं. काही बोलले का?"

"और है क्या, म्हणाले."

ही हसली, आणि डोळ्याला पदर लावला.

याला चमत्कार म्हणावं की नाही ते शिकल्यासवरल्या लोकांनी ठरवावं. मी एवढंच जाणतो, की बस वेळेवर आली असती तर आम्हा दोघांना काहीच उमगलं नसतं आणि पुढच्या कुठल्या तरी गुरुवारी मी रिकाम्या घरात प्रसाद घेऊन आलो असतो. ज्या उशिरावरून मी महाराजांशी भांडलो, तोच त्यांनी माझ्या पदरात टाकला होता. आता नैवेद्य सकाळीच घरातल्या फोटोला दाखवतो, ही गोळी घेते आणि लगेच जेवते. मी मात्र गुरुवारी अजून देवळात जातो, त्याच बसने. हातात डबाही असतो, कारण कंडक्टरचा वाटा ही मोजून नाही, दाबून भरते. बस अजून उशिराच येते. तो अजून ओरडतो, "काका, बैठ जाओ!" मी खांब सोडतो आणि बसतो. डबा मांडीवर घेऊन बसल्यावर कळतं, की इतकी वर्षं खांब धरून मी काही बस चालवत नव्हतो.