निळा ठिपका

२८ ऑगस्ट १९८४, मंगळवार. सकाळपासून मी काचेच्या पट्ट्यांवर पांढऱ्या भुकटीचा थर पसरत होते. थर सारखा बसला नाही तर दुधाची तपासणी फुकट जाते. पावसाळ्यात म्हशींना घालायच्या सरकीच्या ढेपीला बुरशी धरते, तिचं विष म्हशीच्या दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. अंधाऱ्या खोलीत जंबूपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली दुधाचा अर्क लावलेली पट्टी धरली, की त्या विषाचा ठिपका निळा चमकतो.

वाडीकडच्या एका गवळ्याच्या दुधात शनिवारी असा ठिपका दिसला होता. संकलन केंद्रानं लगेच त्याचं दूध घेणं थांबवलं. पोळा त्याला कडूच गेला. आज तो दुधाची बरणी घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात उभा.

"बाई, काहून माह्या दुधाले बदनाम करून राहिल्या तुम्ही? ढेप मी उन्हात वाळवतो."

"पावसाळ्यात ऊन कुठून आणता?"

"निंगते कधीमधी. तुमाले खोलीत बसून कसं दिसन?"

जीभ तिखट होती, मला आवडली. म्हटलं, चला, शनिवारच्या पट्टीवरचा ठिपका स्वतःच बघा. दार लावून दिवा पेटवला. पट्टी राहिली बाजूला, बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकंच निळंशार चमकलं.

"अरे बाप! भूत शिरलं का याच्यात?"

"हे कशानं धुतलंत?"

"बायकोनं धुतलं, चमक आणाच्या पावडरीनं. दूध तपासणीले जाते, साहेब लोकायनं नाव नको ठेवाले, म्हणे."

"आणि यातूनच दूध गाळलं?"

"मंग? न गाळता देऊ काय?"

मला हसू आवरेना.

"हसता काय, बाई! तीन दिवस झाले, दूध नालीत ओतून राहिलो मी."

मी शनिवारच्या त्या पट्टीवर आम्ल फवारलं. विषाचा ठिपका आम्लानं पिवळा होतो. हा निळाच राहिला, म्हणजे पावडरीचा असणार. तरी तेवढ्यावर सही करणं मला पटेना. न गाळलेलं दूध हवं होतं.

"आत्ता आणतो."

"तुम्ही नका आणू. उद्या मीच येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं वाडीला गेले. गोठ्यात उभं राहून माझ्या बाटलीत धार काढून घेतली. त्याची बायको पदरानं बाटली पुसायला धावली, तिला तिथंच थांबवलं. परत येऊन तपासणी केली. पट्टीवर निळं काही नव्हतं. केंद्राला फोन करून सांगितलं, आज संध्याकाळपासून त्याचं दूध घ्या.