आधी उघडं, मग कुलपातलं

कुणी पासवर्ड टाकायला बसलं, की तो आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायचा. नुसती मान वळवायचा नाही, अख्खी खुर्ची फिरवायचा. "टाका भाऊ, मी हितं न्हाई," म्हणायचा. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. थोडी ओल आणि एक खिळा. तो खिळ्याकडे बघत बसायचा.

आम्हाला हसू यायचं. आमच्याकडे पासवर्ड म्हणजे बायकोचं नाव नाहीतर गाडीचा नंबर. ऑफिसचे प्रमुख, आमचे सर, तर आपला पासवर्ड दारातूनच ओरडून सांगायचे. तेव्हाही हा भिंतीकडे तोंड करायचा, कारण कीबोर्डला दुसऱ्या कुणाचे तरी हात लागलेले असायचे.

त्या कीबोर्डची खोडायची कळ अडकायची. दाबली की 'टक्क' असा तिचा वेगळाच आवाज यायचा. तो ऐकून हा खिळ्याकडे बघतच म्हणायचा, "चुकलं ना? सावकाश टाका."

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा त्याचं नाव नको तिथे गेलं, तेवढं पुरे.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं आम्ही घोडेगावातल्या एका लहानशा संस्थेत शेजारी शेजारी बसत होतो. डोंगरातल्या गावांत आरोग्याचं काम करायचं आणि अहवाल मुंबईच्या मुख्य ऑफिसला पाठवायचे. त्याचं घर बुद्धविहारामागे. बापाची थोडी भातखाचरं. कॉम्प्युटर तो स्वतःच शिकलेला. पुण्याहून फुकटातली एक सीडी आणून त्याने आमच्या जुन्या मशीनवर लिहायचा एक प्रोग्राम बसवला. त्यातच अहवाल लिहायचा आणि तिथूनच फोनच्या लाइनवरून पाठवायचा. पासवर्ड तो प्रोग्राम आपला आपणच शोधून आणायचा.

कसा, ते त्याने मला दहा वेळा सांगितलं असेल. "मुंबईचं मशीन इचारतं, कोण हाय? मग ह्यो फायलीत जातो. वरनं खाली एकेक ओळ बघतो. मशीनचं नाव जुळलं की ती ओळ उचलतो, तिच्यातलं माणसाचं नाव आन पासवर्ड देतो, फुडं बघतच नाय." अशा फायली दोन. एक उघडी, कुणीही वाचावी अशी. दुसरी कुलपातली, ती उघडायला एक लांबलचक शब्द टाकावा लागे. "आधी उघडं बघतो, मग कुलपातलं. ध्येनात ठिवा, भाऊ. वस्तू वट्यावर पडल्याली दिसल्यावर कपाट कोण उघडंल?"

त्याच्या मागे लागण्याने मी माझी ऑफिसची ओळ कुलपात नेली. घरचे, खासगी पासवर्ड मात्र उघड्या फायलीतच राहू दिले. आळस, दुसरं काही नाही. "राव, माझ्या ओट्यावर चोरून नेण्यासारखं आहे काय?" असं मी वर त्यालाच ऐकवलं.

एका वर्षी तो डोंगरातल्या आहुपे गावाला चार वेळा जाऊन आला. सकाळच्या एसटीने जायचा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना अंगणात बसवून लांबून आकडे वाचायला लावायचा. कुणाला सुईत दोरा ओवता येत नाही, कुणाला तांदळातला खडा दिसत नाही, सगळं त्याने नावानिशी लिहून आणलं. चष्मे आले. खोकी माझ्या टेबलाखाली ठेवली. बसलं की पायाला लागायची.

तेवढ्यात त्याची बायको जुन्नरला बाळंत झाली. तो रजेवर गेला आणि त्याच दिवशी त्याच्या नावाने जायचे आकडे अडले. त्याने पीसीओवरून फोन केला. आपला पासवर्ड एकेक अक्षर करून सांगत होता, इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागलं. "मागं लोकं हायेत, भाऊ. काम झालं की ती ओळ तेवढी पुसा." मी त्याची ओळ उघड्या फायलीत लिहिली, आकडे पाठवले आणि चहाला गेलो.

सोमवारी तो पेढे घेऊन आला. पेढा हातात देतानाच त्याने विचारलं, ओळ पुसली का. मी तोंडात पेढा असताना "हो हो" म्हणालो. तुम्हीही असं "हो हो" कुणाला तरी म्हणाला असाल. म्हणून मला समजून घेऊ नका. मला समजून घेणाऱ्यांचा मला फार राग येतो.

बुधवारी सरांनी मला एकट्याला बोलावलं. मुंबईला अहवाल हवा होता आणि आहुप्याला जायला जीप मिळत नव्हती. "चष्मे आलेत ना? मग वाटल्यातच जमा. वाटले म्हणून लिहून टाका." मी लिहून टाकलं. त्याच्या यादीतली सगळी नावं, प्रत्येकापुढे 'चष्मा मिळाला'. लिहिताना पाय खोक्यांना लागत होते. पाठवताना प्रोग्रामने कुलपाचा शब्द विचारला नाही. मला बरंच वाटलं. मुंबईची पोच आली तेव्हा कळलं, का विचारला नाही ते. पोच त्याच्या नावाने होती; उघड्या फायलीत राहिलेली त्याची ओळच प्रोग्रामने आधी उचलली होती.

इथे मला खोटं बोलायचं नाही. मी घाबरलो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं माझं होतं आणि नाव माझं नव्हतं. उद्या बघू, म्हणून मी मशीन बंद केलं.

मुंबईहून एक बाई तपासणीला आल्या. त्या थेट आहुप्याला गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. गावात एकाच्याही डोळ्यावर चष्मा नव्हता. अहवाल कुणी पाठवला, असं त्यांनी विचारलं तेव्हा सर माझ्याकडे बघून म्हणाले, "मशीनमध्ये नोंद असेलच की." त्या बघण्याचा अर्थ आम्हा दोघांनाच कळला. नोंद होतीच.

दुसऱ्या दिवशी त्याला आत बोलावणार होते. त्याआधी तो माझ्या टेबलापाशी आला. चेहरा उतरलेला, पण आवाज नेहमीचाच.

"भाऊ, ती ओळ पुसली व्हती ना?"

"केव्हाच पुसली."

"एकडाव बघा. फाईल उघडा. आसली तर दाखवू त्येंला, दोघं मिळून सांगू. चूक कुणाच्या हातनंबी व्हती."

मी फाईल उघडली. त्याने मान पुढे केली असती तर त्याला दिसली असती. सगळ्यांत वर, त्याचंच नाव. पण त्याने खुर्ची ओढली आणि फिरवली. "तुमीच बघा. आतमंदी तुमच्या घरचंबी आसंल. मी हितं न्हाई."

तो खिळ्याकडे बघत बसला आणि मी ओळ पुसली.

"नाही रे," मी म्हणालो. "इथे काही नाही."

त्याने खुर्ची सरळ केली नाही. मग म्हणाला, "मग पीसीओवरच कुणीतरी आयकलं आसंल. माझंच चुकलं." आणि उठून आत गेला.

त्याला काढलं. चहाच्या वेळी ऑफिसातला एकजण, "त्या वस्तीतल्यांना मशीन हातात दिलं की," एवढंच बोलून हसला. बाकीचेही हसले. मी हसलो नाही. पण बोललोही नाही, आणि नुसतं न हसणं म्हणजे काही नाही. सर पुढे सन्मानाने निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाचं भाषण मीच लिहून दिलं, त्याच प्रोग्राममध्ये.

चष्म्यांची खोकी मुंबईने परत मागवली. नंतर एकदा स्टँडवर आहुप्याच्या गाडीजवळ एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "त्यो पोरगा लई गोड बोलायचा. आमचं चष्मं त्यानंच खाल्लं म्हनं." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. गाडी सुटेपर्यंत उभाच राहिलो. त्यानंतर तो आहुप्याला कधी गेला नाही, असं ऐकलं. घोडेगावही त्याने सोडलं.

त्याची खुर्ची बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून होती. कुणी फिरवली नाही. मी तर हातही लावला नाही. पण एका दुपारी अर्ज लिहिताना माझं एक अक्षर चुकलं, मी ते खोडलं, आणि त्या रिकाम्या खोलीत 'टक्क' वाजलं.

फाईल नुसती बघायची तर खोडायची कळ लागत नाही. आणि त्या दिवशी मी ती अख्खी ओळ, त्याच्या नावासकट, एकेक अक्षर करून खोडली होती. टक्क, टक्क, टक्क. तो हातभर अंतरावर पाठ करून बसला होता. या वेळी त्याने "चुकलं ना?" म्हणून विचारलं नव्हतं.