झाडेभाऊंची किल्ली

त्या दिवशी दुपारचे तीन वाजून गेले तरी झाडेभाऊ किल्ली मागायला आले नाहीत. सेलूच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे आणि माझ्या गादीमागच्या खुंटीवर गावच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरच्या पेटीची किल्ली असायची. नामदेव झाडे, आमचे ग्रंथपाल, तीन वर्षं रोज तीनला "किल्ली नेतो, भाऊ" म्हणून ती न्यायचे आणि सातला आणून द्यायचे. एक दिवस चुकले नाहीत. साडेतीन झाले तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, या माणसानं दुसरी किल्ली करून घेतली. दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून मी तरातरा निघालो, तर वाटेतच त्यांचा धाकटा भाऊ भेटला. म्हणाला, "भाऊ गेले. जेवून पडले होते, उठलेच नाई." मी म्हणालो, "अरे, काल तर किल्ली देऊन गेले..."

माझा स्वभाव संशयी आहे हे गाव जाणतं. भांडं घेताना ते बोटाच्या पेरानं वाजवल्याशिवाय मी दुकानात ठेवत नाही, आणि माणसांनाही तसंच वाजवून पाहत आलो. वाचनालयाचा मी चिटणीस. झाडेभाऊ एकोणीसशे नव्वदच्या आसपास तिथे लागले, तुटपुंज्या मानधनावर. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, आणि कमी बोलणाऱ्या माणसावर माझा आधीपासूनच विश्वास कमी. त्यांचा एकच हट्ट होता, नोंदीशिवाय वाचनालयातून चिटोरंसुद्धा बाहेर जाणार नाही. एकदा मी, खुद्द चिटणीस, जुना दिवाळी अंक बगलेत मारून निघालो होतो, तर मला दारातून परत बोलावून सही घेतली. तो राग मी बरीच वर्षं सांभाळला.

दोन हजार सालानंतर कुठल्याशा योजनेतून कॉम्प्युटर आला. तो महिनाभर खोक्यातच होता, कारण वीज गेली-आली की तो जळेल अशी समितीला भीती होती. झाडेभाऊ आठ दिवस वर्ध्याला जाऊन शिकून आले, सुताराकडून कुलपाची लाकडी पेटी करून घेतली आणि बाहेर पाटी लावली, "येथे इंटरनेट विनामूल्य". विनामूल्य म्हटलं की माझे कान टवकारतात. फुकट कोण कशाला देतो? फोनच्या तारेवरून ते यंत्र किंचाळत जोडलं जायचं आणि मग कोणी बोर्डाचा निकाल पाहायचा, कोणी नोकरीचा फॉर्म काढायचा. केळझरचा एक भाजीवाला नागपूरचे वांग्याचे भाव त्या पडद्यावर पाहून झाडेभाऊंना म्हणाला होता, "हे तुमीच तं नाई लिहून राह्यले?" तो माणूस मला फार पटला.

मग झाडेभाऊंनी सगळ्या गावासाठी ई-मेलचा एकच पत्ता उघडला. बाहेरगावच्या पोरांनी त्या पत्त्यावर मजकूर पाठवायचा, झाडेभाऊ तो घरच्यांना देणार. पोरं मराठीच लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत, आणि ती इथल्या आयाबायांना कुठली वाचता येणार? म्हणून झाडेभाऊ प्रत्येक पत्र मराठी अक्षरांत हातानं उतरवून काढत. म्हणजे गावातल्या घराघरातलं यांना सगळं ठाऊक! मी समितीत हे बोललोही. ते एवढंच म्हणाले की पोस्टमनलाही पत्ता वाचावाच लागतो. मी म्हणालो, पोस्टमन पाकीट फोडत नाही. यावर त्यांनी पुढचा विषय काढला आणि मला वाटलं, मी जिंकलो.

इथे माझ्या घरचं सांगणं भाग आहे. माझी एकुलती एक मुलगी वैशाली. तिनं पुण्याला स्वतःच्या मनानं, जातीबाहेर लग्न केलं आणि मी घरात तिचं नाव काढायला बंदी केली. टेलिफोन दुकानात, माझ्या हाताशी. टपालही दुकानातच यायचं. माझी बायको शालिनी ती बंदी पाळायची. दर गुरुवारी दुपारी ती मठात जायची, तेवढंच तिचं बाहेर पडणं.

सरकारी तपासणी जवळ आली तेव्हा मी देवघेवीचं रजिस्टर डोळ्यांत तेल घालून चाळायला घेतलं. वाचनालयाला सरकारी वरचा वर्ग आणि जास्त अनुदान मिळावं म्हणून काही ठिकाणी खोट्या नोंदी करून रजिस्टर फुगवतात असं मी ऐकून होतो. आणि सापडलंच. दाखल क्रमांक अकराशे त्रेचाळीस, लोणची-मुरंब्यांचं एक जुनं पुस्तक, दर गुरुवारी एकाच सभासदाला दिलेलं आणि त्याच दिवशी परत आलेलं. सभासद माझीच बायको! आमच्या घरात मी कधी पुस्तक पाहिलेलं नाही. घरी जाऊन तिला विचारलं, "तू वाचनालयात जातेस?" ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "नाई."

झालं. मी समितीची सभा बोलावली आणि रजिस्टर टेबलावर आपटलं. झाडेभाऊंनी ते पान पाहिलं. मग म्हणाले, "नोंद खरी हाय. याच्यापुढं मले काई नका इचारू." मी म्हणालो, "माझी बायको नाही म्हणते." ते चपापले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "वहिनी नाई म्हणत असन तं तुमी खोटी लिहा." प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या वहीत, तसं लिहिलं गेलं, ग्रंथपालांनी खोट्या नोंदी केल्याचे आढळले. दुसरा माणूस त्या मानधनात मिळाला नसता म्हणून त्यांना ठेवलं, पण पेटीची किल्ली माझ्याकडे घेतली. पंधरा दिवस मी त्यांच्या पाठीशी खुर्ची टाकून पाळत ठेवली. त्या पंधरा दिवसांत त्यांनी बाजारभाव आणि वर्तमानपत्रांखेरीज काही उघडलं नाही. मग मला दुकान खुणावू लागलं आणि रजिस्टरही मी पुन्हा उघडलं नाही. बाजारात मात्र ही गोष्ट पसरली होती आणि पोरंटोरंसुद्धा त्यांना ऐकू जाईल असं काहीबाही बोलत. ते तीनला येत, किल्ली नेत, सातला आणून देत.

झाडेभाऊंच्या तेरवीहून परत आलो तर शालिनी उपाशी बसलेली. मी कारण विचारलं. ती उठली, फळीवरची पाणी भरायची पितळेची गुंडी खाली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत घड्या घातलेले कागद होते, गळ्यापर्यंत. सगळ्यांवर झाडेभाऊंचं अक्षर आणि प्रत्येकाखाली वैशालीचं नाव.

"माह्या एका नाईपायी त्या माणसाच्या माथी खोटेपणा बसला," ती म्हणाली. "तुमाले भ्याली मी. त्यायले सांगतलं, समितीपुढं खरं सांगून टाका. तं म्हणे, वहिनी, माह्यं काय जाते? पोरीचं पत्र बंद पडन."

मठातून येताना ती वाचनालयात जायची. झाडेभाऊ अकराशे त्रेचाळीस नंबरचं पुस्तक तिच्या नावावर लिहून द्यायचे, आत घडी घातलेला कागद. कपाटामागच्या बाकावर ती तो वाचायची, उत्तर सांगायची, ते टाइप करून पाठवायचे. पुस्तक परत, कागद पदरात. ती नोंद त्यांना टाळता आली असती. पण नोंदीशिवाय चिटोरंही बाहेर जाणार नाही म्हणजे नाही, आणि त्याच हट्टानं ते माझ्या हाती सापडले. गावभरची भांडी मी वाजवून पाहिली, घरातली गुंडी तेवढी राहिली. आणि पेटीची किल्ली तीन वर्षं त्यांच्या हातात कोणी दिली? मीच.

त्या रात्री मला आधी रागच आला, हे खोटं कशाला सांगू? माझ्या घरात, माझ्या पाठीमागे... यात या माणसाचा काय फायदा होता, हे मी कितीतरी दिवस शोधत राहिलो. किल्ली नेताना ते मला हसत असतील का? सभेत मी ओरडत असताना मनात म्हणत असतील का, बस, तुझ्याच घरात काय चाललंय ते तुला ठाऊक नाही? म्हणत असतील तर तो त्यांचा हक्क होता. पण फायदा काही सापडला नाही. त्यांची माफी मागायची राहून गेली, हे मात्र रोज सापडतं.

पुढच्या गुरुवारी मीच किल्ली घेऊन वाचनालयात गेलो. चालू रजिस्टरच्या पहिल्याच पानावर त्यांनी ई-मेलचा पासवर्ड लिहून ठेवला होता, आपल्यामागे कोणाचं अडू नये म्हणून. यंत्र जोडणं मी पाळत ठेवता ठेवता शिकलो होतो, बाकीचं चाचपडत जमवलं. वैशालीचं पत्र आलेलं होतं. "काका, आईचं पत्र नाही. ती बरी आहे ना? बाबांना कळलं तर नाही ना?" एका बोटानं, चुका करत करत, टाइप करायला मला अर्धा तास लागला. झाडेकाका गेले. बाबांना कळलं. मीच लिहितो आहे.

आठवड्यानं उत्तर आलं, एका ओळीचं. "हे बाबाच लिहीत आहेत कशावरून?"

ती ओळ मी मराठी अक्षरांत उतरवली, अकराशे त्रेचाळीसमध्ये ठेवली आणि शालिनी आली तेव्हा रजिस्टरात नोंद करून पुस्तक तिच्या हाती दिलं. कपाटामागे ती वाचता वाचता हसली आणि मग तिथेच रडत बसली. थोड्या वेळानं येऊन शेजारच्या खुर्चीवर टेकली. म्हणाली, "लिहा तिले. इतक्या चुका झाडेकाकानं कधी केल्या नसत्या, हे तुह्ये बाबाच हायेत."

मी तसंच लिहिलं. मग समितीची सभा बोलावून, ती नोंद खरी होती, असं माझ्या सहीनं प्रोसिडिंगमध्ये घातलं. जुनी ओळ खोडता येत नाही, ती तिथेच आहे. किल्ली मात्र आता दुकानात नसते. झाडेभाऊंच्या खुर्चीमागे, भिंतीवरच्या खिळ्याला ती उघडी टांगलेली असते, आणि ती कोण नेतं हे मी विचारत नाही.