साडेचारशेचा सप्लाय आणि माझा अंदाज

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी जाळला, पण पूर्ण तपासणी करून जाळला.

तपासणी मीच का करायची? तर अमरावतीत वलगाव रोडवर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातले जळालेले पंप माझ्याकडे येतात आणि तांब्याची नवी तार गुंडाळून घेऊन परत जातात. तीस वर्षं हेच केल्यामुळे विजेच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा असतो. (बाकी कुठल्याच बाबतीत नसतो.)

माझी मुलगी प्रणाली, घर बांधण्याआधीच ते आतून कसं दिसेल याचे व्हिडिओ कॉम्प्युटरवर बनवते. परतवाड्यातल्या एका बंगल्याचं काम तिला मिळालं होतं. तिचं पहिलंच स्वतंत्र काम! आर्किटेक्ट साहेबांना संध्याकाळी पाचला व्हिडिओ हवा होता आणि आमचा कॉम्प्युटर ज्या वेगाने चालला होता, त्या वेगाने तो दुसऱ्या दिवशी पाचला मिळाला असता. म्हणून माझा साळा सुनील सकाळच्या बसने अकोल्याहून ग्राफिक्स कार्ड घेऊन आला.

"भाऊजी, आधी सप्लाय पाहा," तो आल्या आल्या म्हणाला. "या कार्डाले साडेपाचशे वॅटचा लागते."

कॉम्प्युटरच्या डब्यात विटेएवढी एक पेटी असते. घरातली वीज घेऊन ती आतल्या सगळ्यांना वाटून देते, तोच सप्लाय. आमच्या पेटीच्या लेबलवर साडेचारशे लिहिलेलं होतं.

"मंग नाई चालत," प्रणाली म्हणाली. "बाबा, नवीनच घेऊन येऊ. अर्ध्या तासाचं काम हाये."

"थांब! लिवलेलं काय वाचून राहिली? मले पाहू दे."

इथे थोडं पंपांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीवर सर्रास तीनची प्लेट असते, कारण बिल हॉर्सपॉवरवर येतं. (या प्लेटा कोण बदलून देतं, हा आजचा विषय नाही.) तीस वर्षांत प्लेटवर लिहिल्यापेक्षा कमी ताकदीची मोटार माझ्या हाताखालून गेलेली नाही.

"प्लेटीपेक्षा माल जास्तच असते," मी निकाल दिला. "साडेचारशे लिवलं म्हंजे सातशे समज."

"बाबा, याच्यात उलटं असते! हलक्या कंपन्या जास्त लिवतात."

"जास्त कोण लिवन? आपलंच बिल आपण वाढवते का कोणी?"

यावर तिने उत्तर दिलं. पण मी ते ऐकून घेतलं नाही.

सुनीलच्या समाधानासाठी मी पेटी बाहेर काढून हातावर तोलली. चांगली जड होती! जितकं तांबं जास्त तितकं वजन जास्त, आणि जितकं वजन जास्त तितका दम जास्त, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. "घे, तू पाह्य," मी म्हणालो. सुनीलनेही तोलली. अकोल्याचा माणूस, पाहुणा म्हणून आलेला. तो भाऊजींना काय बोलणार?

"जड हाये बाप्पा," एवढंच म्हणाला.

कार्ड बसलं. कॉम्प्युटर सुरू झाला. मी दोघांकडे पाहिलं, आणि कसं पाहिलं हे आता आठवू नये असं वाटतं. प्रणालीने व्हिडिओचं काम सुरू केलं, आतले पंखे जोरात फिरू लागले, परतवाड्याच्या बंगल्याचा जिना पडद्यावर दिसला...

फट्!

मग जळका वास आला. तो वास मी झोपेतही ओळखेन. त्याच वासावर आमचं घर चालतं. साडेबारा वाजले होते. नवं कार्ड तर सोडाच, आता जुना कॉम्प्युटरही चालू होत नव्हता. प्रणाली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती घड्याळाकडे पाहत उभी राहिली. मला फार लाज वाटली.

"सुनीलमामा, गाडी काढा," ती म्हणाली. मला कोणी चल म्हटलं नाही.

ते दोघं कॉम्प्युटरच्या दुकानात गेले तेव्हा मी पेटी उघडली. आत तांबं चिमूटभर होतं. बाजूला स्क्रूने घट्ट बसवलेली एक लोखंडी पट्टी होती. तिला एकही तार जोडलेली नव्हती. ती फक्त वजनाला होती!

नवी पेटी बसवून मशीन पुन्हा सुरू व्हायला अडीच वाजले. नशिबाने कार्ड वाचलं होतं. व्हिडिओ गेला साडेपाचला. पावणेसहाला साहेबांचा फोन आला आणि प्रणालीने तो स्पीकरवर ठेवला. मी दाराआड उभा होतो.

"काम सुंदर झालंय," साहेब म्हणाले. "वरूडचा बंगलाही तुम्हीच करा. पण आज उशीर का झाला?"

"सॉरी सर. लाइट गेली होती," प्रणाली म्हणाली.

किती समजूतदार पोरगी! बापाचं नावही काढलं नाही. मी गप्प बसायचं होतं. पण माझ्यासमोर विजेबद्दल कोणी चुकीचं बोललं की मला राहवत नाही.

"लाइट कुठं गेली होती?" मी दारातून ओरडलो. "सप्लाय जळला! लोड जास्त झाला!"



"हे कोण बोलतंय?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही सर," प्रणाली म्हणाली. "मेकॅनिक आलेत. निघालेच आहेत."

मी चपला घातल्या आणि निघालो.